त्याची सायकल तुम्ही दिलीत, त्याने नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत. त्याला लहान झालेली सायकल आईने घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला देऊन टाकली. मुलगा तेव्हा शाळेत होता. संध्याकाळी घरात रडारड झाली. चार दिवसांनी सोसायटीच्या आवारात मावशींचा मुलगा तीच सायकल चालवताना दिसला, तर हा सगळ्यांदेखत ओरडला, "उतर, ती माझी आहे!" मावशी तिथेच उभ्या होत्या. आई लिहितात, "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर त्याला एक फटकाही दिला. एकुलता एक, मागेल ते मिळतं, म्हणून स्वार्थी होतोय का? पुढच्या आठवड्यात शाळेत गरजू मुलांसाठी खेळणी आणि कपडे जमा करायचे आहेत. तो एक वस्तू सोडायला तयार नाही."

ताई, मी बालवाडी आणि प्राथमिक मिळून ३१ वर्षं शिकवलं. आता पालकांच्या बैठका घेते. त्या अनुभवावर सांगते की तुमचा मुलगा स्वार्थी नाही. त्याची वस्तू त्याला न विचारता गेली, आणि ती कुणाकडे गेली हे त्याला रोज डोळ्यांनी दिसतंय. तुमच्या कपाटातली पैठणी तुम्ही पाच वर्षांत नेसला नाहीत, म्हणून तुमच्या यजमानांनी ती परस्पर नणंदेला देऊन टाकली, तर? कारण अगदी रास्त आहे, साडी पडूनच होती. तरी तुम्ही आठवडाभर घर डोक्यावर घ्याल, आणि पुढच्या लग्नात नणंदेच्या अंगावर ती दिसली की तुमच्या तोंडूनही काहीतरी निघेल. तुम्ही मोठ्या आहात, म्हणून ते जरा हळू आवाजात निघेल, एवढाच फरक.

म्हणून सुरुवात माफीपासून करा, आणि ती तुम्ही मागायची आहे. "सायकल तुझी होती. मी तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चुकलं माझं." इथे थांबायचं. "पण तुला ती लहानच झाली होती ना" हे शेपूट जोडायचं नाही. फटक्याबद्दलही सांगा. आईच आपली माफी मागते आहे हे मुलांना नवं असतं, आणि ते त्यांना समजतं.

सायकल मात्र परत आणू नका. काही पालक मुलाचं रडणं बघून तेही करतात. दिलेली वस्तू परत मागणं हा त्या दुसऱ्या मुलावर अन्याय आहे. त्याने काहीही मागितलं नव्हतं. तो चार दिवस सायकल चालवायला शिकत होता आणि पाचव्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला उतरायला सांगितलं गेलं. तुमच्या पत्रात तुमच्या लाजेबद्दल दोन ओळी आहेत, त्या मुलाबद्दल एकही नाही. टोचून बोलत नाही, पण देण्याच्या गोष्टीत आपलं लक्ष देणाऱ्याकडेच किती असतं ते यात दिसतं. घेणारा बहुतेक वेळा "गरजू" या एका शब्दाआड जातो. मावशींशी तुम्ही स्वतः बोला, लेकाला पुढे करून "सॉरी म्हण" असं नको. "सायकल तुमच्या मुलाचीच आहे. माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली, म्हणून आमचा चिडला," इतकं पुरे.

आता वयाचं. "माझं" हा शब्द मूल साधारण दोन वर्षांच्या आसपास जोरात म्हणायला लागतं आणि आपण घाबरतो. घाबरायचं कारण नाही. जे आपलं असतं तेच देता येतं. ज्या मुलाला आपली वस्तू आपलीच राहील याची खात्री नसते, ते सगळं छातीशी धरून बसतं. बालवाडीत दरवर्षी हेच दिसायचं. ज्याची वस्तू घरी मोठी भावंडं किंवा मोठी माणसं सतत उचलून घेतात, ते मूल वर्गात ठोकळ्यांवर पालथं झोपायचं. स्वित्झर्लंडमध्ये लहान मुलांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दोघांना एकेक गोळी, की मला एक आणि त्याला काहीच नाही, अशी निवड मुलांपुढे ठेवली होती. तीन-चार वर्षांच्या बहुतेकांना दुसऱ्याला मिळतंय की नाही याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. सात-आठ वर्षांच्या बहुतेकांनी दोघांना सारखं हवं म्हटलं. तुमचा मुलगा या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर आहे. या वयाला "वाटून घ्यावं" हे पाठ असतं. परीक्षेत विचारलं तर पूर्ण गुण मिळवेल. हातातली वस्तू सोडायची वेळ आली की गाडी अडते. तो ढोंग करतोय असं समजू नका.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. समोरचं मूल आपल्या शाळेतलं आहे म्हटल्यावर मुलांनी त्याला झुकतं माप दिलं. म्हणजे मूल "आपल्या" माणसाला देतं. मग खरा प्रश्न असा की मावशींचा मुलगा त्याच्यासाठी आपला आहे का? त्याला त्याचं नाव माहीत आहे का? ते दोघं कधी एकत्र खेळलेत का? की तो जिन्यात बसून आईची वाट बघणारा एक मुलगा आहे? याकडे शेवटी येते.

अमेरिकेतला २०१३ सालचा एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एक उदास बाहुला दाखवला आणि एक स्टिकर दिलं. काहींना म्हटलं, स्टिकर तुला ठेव नाहीतर त्याला दे, तू ठरव. काहींना निवडच नव्हती, द्यायलाच लागलं. नंतर दुसरा बाहुला आला आणि मुलांना आणखी स्टिकर मिळाले. आधी स्वतः अवघड निवड करून ज्यांनी दिलं होतं, त्यांनी या वेळी जास्त दिलं. ज्यांना द्यायला लावलं होतं त्यांच्यात ते तितकं दिसलं नाही. मी हे प्रयोग न वाचताही वर्गात तेच बघत आले. "दे बघू त्याला, शहाणा ना तू" म्हणून काढून घेतलेला खडू मूल दुसऱ्या दिवशी दप्तराच्या तळाशी लपवून आणतं.

आता शाळेच्या त्या आठवड्याबद्दल. त्याला "काय देतोस?" असं विचारू नका. आधी विचारा, "काय कधीच द्यायचं नाही?" एक खोका किंवा कपाटाचा एक कप्पा त्याच्या नावाने करा. त्यात गेलं ते त्याचं, तुम्हीही हात लावायचा नाही. कान तुटलेला ससा, फाटकं पांघरूण, ज्याला वास येतो आणि तुम्हाला कधीपासून फेकायचं आहे, ते सगळं तिथे जाऊ दे. पहिल्या दिवशी तो निम्मं घर त्या कप्प्यात कोंबेल. कोंबू द्या. दोन-तीन दिवसांनी त्यातल्या चार गोष्टी आपण होऊन बाहेर येतात, हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता पैज लावायला तयार आहे. नाही आल्या, तर या वेळी शाळेत काही न्यायचं नाही. बाईंना स्पष्ट सांगा, "तो अजून तयार नाही." बाई समंजस असतील तर काही बोलणार नाहीत. नसतील तर तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहा. मुलाच्या हातात दुकानातून आणलेलं नवं खेळणं देऊन "हे दे" म्हणून पाठवणं तर अगदीच व्यर्थ. ते तुमचं दान, त्याने फक्त हमाली केली.

आणि द्यायचं ठरलं तर काय द्यायचं? इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा आमच्या शाळेतही मदत गोळा केली. दोन दिवसांत व्हरांडा भरला. चौथीची मुलं आणि मी निवडानिवड करायला बसलो. एका पायाचा बूट निघाला. चेन गेलेली दप्तरं निघाली, जरीचा घागरा निघाला, अर्धे तुकडे हरवलेली कोडी, सुकलेली स्केचपेनं, कॉलरला मळाची रेघ असलेले शर्ट. पुराच्या चिखलात बसलेल्या बाईने त्या घागऱ्याचं काय करायचं? एका मुलाने मला विचारलं, "बाई, पूर आला की माणसांना तुटकं चालतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या ढिगाऱ्यातली एक पिशवी माझ्या घरची होती आणि तिच्यात काय आहे हे मी न बघता भरली होती, म्हणून तर मुळीच नव्हतं.

त्या दिवसापासून वर्गात आम्ही एकच कसोटी ठेवली. ही वस्तू उद्या माझ्या मावसभावाच्या वाढदिवसाला दिली तर मला लाज वाटेल का? वाटली तर ती दान नाही, भंगार आहे, आणि भंगारवाला दर शनिवारी येतोच. मग मुलं कामाला लागायची. शर्टाला बटणं लावायची (मुलग्यांनीही, आणि ते आधी बोटं टोचून घेतात), पेनं कागदावर चालवून बघायची, कोड्याचे तुकडे मोजायचे, बाहुलीचे केस धुवायचे. वर्षाअखेरीला उरलेल्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालून कच्च्या वह्या करायच्या. वस्तू धुताना, शिवताना मूल त्या घेणाऱ्याचा विचार करतं. "याला शर्ट मोठा होईल का? त्याचा हात केवढा आहे?" असे प्रश्न मी गरिबीवर व्याख्यान दिल्यावर कधी आले नाहीत.

दिल्लीच्या अंशु गुप्तांनी १९९९ साली गूंज ही संस्था सुरू केली, २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या कामाचं मर्म मला फार पटतं. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, बांध घालतात, आणि त्या श्रमाचं मोल म्हणून शहरातून आलेलं कापड घेतात. कुणी कुणापुढे हात पसरत नाही. आपल्याकडेही जुन्या कपड्यांना ही अदब होती. माझ्या लहानपणी जुने कपडे बोहारणीकडे जायचे. आई आणि ती दारात अर्धा तास घासाघीस करायच्या, दोन पॅंटी आणि एका साडीवर स्टीलचं पातेलं की नुसता डबा? दोघींनाही आपण दुसरीवर उपकार करतोय असं कधी वाटलं नाही. नव्या बाळाला तर आपण आवर्जून दुसऱ्या बाळाची वापरलेली, धुऊन मऊ झालेली झबली घालतो, आजीच्या सुती लुगड्याचं दुपटं करतो. वापरलेली वस्तू घेणं म्हणजे कमीपणा, हे नंतर कधीतरी आपल्या डोक्यात शिरलं.

म्हणून एक काम करा. तुमच्या मुलालाही वापरलेलं घ्यायला लावा. आतेभावाचा स्वेटर, शेजारच्या ताईची गोष्टींची पुस्तकं. एकुलत्या एकाची मोठी उणीव हीच, की त्याच्याकडे सगळं कोरं करकरीत येतं. कधी काही घेतलंच नाही तर देताना समोरच्याला काय वाटतं हे कळणार कसं?

देताना बोलायच्या भाषेकडेही लक्ष द्या. "गरीब मुलांना देऊ या" हे वाक्य मी वर्गातून हद्दपार केलं होतं. आमच्या वर्गात फी माफ असलेली दोन मुलं असायची, ती त्या वाक्याला मान खाली घालायची. "ज्याला सायकल नाही त्याला" म्हणा. "ज्याची वही पुरात भिजली त्याला" म्हणा. सायकल नसणं ही एक अडचण आहे, गरीब असणं हा मुलाच्या कपाळावरचा शिक्का होतो. "बघ, त्यांना काहीच मिळत नाही, आणि तू जेवताना नखरे करतोस" हे तर कृपा करून नको. दुसऱ्याचं दुःख आपल्या पोराला भाजी खायला लावण्यासाठी नसतं.

फोटो तर काढूच नका. या हाताचं त्या हाताला कळू नये असं म्हणणारे आपण, आता तिसऱ्या हातात मोबाइल धरतो. एका बालगृहात मी काही वर्षं दर शनिवारी शिकवायला जात असे. तिथे सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या मुलांचे वाढदिवस व्हायचे. एका रविवारी मुलांनी सकाळपासून तिसऱ्यांदा "हॅपी बर्थडे" म्हटलं, तिसऱ्यांदा केक खाल्ला, रांगेत बसून तिसऱ्यांदा फोटो दिले. एक मुलगी माझ्या कानात म्हणाली, "बाई, आज पोट दुखतंय, पण टाळ्या वाजवायच्या असतात." वाढदिवस साजरा करणारी कुटुंबं वाईट नव्हती. त्यांनी फक्त विचारलं नव्हतं की तुम्हाला काय हवंय. त्या वर्षी त्यांना हवे होते पावसाळी चपला आणि दोन कॅरम बोर्डांच्या सोंगट्या.

विचारायची ही सवय तुम्हीच लावा. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मुलाला घेऊन जा, मुख्याध्यापकांना भेटा. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं तिथे सरकारकडून मोफत मिळतात. तुमची मागच्या वर्षीची पुस्तकं त्यांना नको असण्याचीच शक्यता जास्त. हवी असतील गोष्टींची पुस्तकं, दोरीउड्यांच्या दोऱ्या, रेनकोट, भिंग, नकाशे. मुलाच्या देखत विचारा आणि त्यालाच यादी लिहू द्या. पहिलीतल्या मुलाच्या अक्षरातली ती यादी वाचायला वेळ लागतो, लागू दे.

आणि शक्य असेल तर एकदा देवाणघेवाण होईल असं बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू करून बसल्या, पुढे कोसबाडला गेल्या. शहरातली महागडी साधनं तिथे परवडणार नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच शिकण्याची साधनं झाली. कमतरतेतूनही काही हाती लागतं ही गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. आमच्या तिसरीचा वर्ग एकदा शेजारच्या गावच्या शाळेत गेला, चित्रांची पुस्तकं घेऊन. तिथल्या पोरांनी पुस्तकं घेतली आणि आमच्या मुलांना भोवरा हातावर घ्यायला शिकवलं. परतताना बसमध्ये पुस्तकांचं नावही कुणी काढलं नाही, सगळे भोवऱ्याबद्दल बोलत होते. आमची एक मुलगी म्हणाली, "त्यांना जे येतं ते आपल्याला येतच नाही." त्या सहलीचा सगळा खर्च त्या वाक्यात वसूल झाला.

बक्षिसांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवते. खेळणं दिलंस तर आइस्क्रीम, असं नको. साधारण वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस दिलं तर पुढे त्यांची आपणहून मदत करायची ओढ कमी झाली, हे प्रयोगात दिसलंय. कौतुक करायचं तर घडलं ते सांगा, "तू तिला ते दिलंस, ती लगेच खेळायला लागली, बघितलंस?" तेवढं बस.

आता जरा अवघड गोष्ट. मुलं आपलं भाषण ऐकत नाहीत, घर बघतात. मावशींचा पगार एक तारखेला हातात पडतो का, की "उद्या देते" होतं? त्यांच्या मुलाला ताप आला तर सुट्टीचे पैसे कापले जातात का? आणि त्यांचा चहा कोणत्या कपात? अनेक घरांत सिंकच्या कोपऱ्यात एक वेगळा कप उपडा असतो, कानाशी चीर गेलेला. घरातल्या प्रत्येक मुलाला तो कप कुणाचा हे माहीत असतं, कुणी न सांगता. तुमच्याकडे तो नसेलही. असेल, तर सायकल देण्याआधीच देण्याघेण्याचा धडा मुलाने त्या कपावरून घेतलेला आहे, आणि आवारात "उतर" म्हणताना त्याला तोच आठवला असेल.

राहिला मावशींचा मुलगा. त्या दोघांची मैत्री लावून देण्याचा मोठा घाट घालू नका, तसं ठरवून होत नाही. तुमच्या घरी अजून त्या सायकलचा पंप असेल, बाल्कनीत किंवा बुटांच्या कपाटामागे. सायकलबरोबर पंप द्यायचा कुणाच्या लक्षात राहत नाही. आठ-पंधरा दिवसांत तिच्या टायरमधली हवा कमी होईल, आणि हे तुमच्या मुलाला बाकी कुणाहीपेक्षा आधी दिसेल, कारण त्या सायकलची प्रत्येक खोड त्याला ठाऊक आहे. तो तुम्हाला येऊन सांगेल, कदाचित तक्रारीच्या सुरात, "त्याला नीट ठेवताच येत नाही." तेव्हा त्याला रागावू नका आणि "जा, भरून दे" असंही म्हणू नका. पंप कुठे आहे तेवढं फक्त सांगा.